पाटी पडली? आधी तिची पाठ बघा

पावसाळा लागला की माझ्या दुकानात दोन तऱ्हेची माणसं येतात. नवी पाटी करून घ्यायला येणारी, आणि पडलेली पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून आणणारी. जून संपेपर्यंत दुसरी मंडळी जास्त. लालबागला माझं नेमप्लेटचं छोटं दुकान आहे. अ‍ॅक्रेलिक कापायचं, अक्षरं चढवायची, मागे फोमची डबल टेप लावायची आणि दारावर नेऊन बसवायची, हे सगळं मीच करतो. त्यामुळे शिव्याही मीच खातो.

यंदा मागच्या इमारतीतल्या एक काकू तीन वेळा आल्या. "दादा, पडली हो परत. टेप बदला तुमची, बोगस आहे." टेप तिन्ही वेळा एकाच रोलमधली होती. पाटी मात्र तीन वेगवेगळ्या कारणांनी पडली, आणि तिन्ही वेळा कारण तिच्या पाठीवर दिसत होतं.

म्हणून पहिलं सांगणं हेच: हूक असो, पाटी असो, मखराचा पुठ्ठा असो, पडली की लगेच टेप खरवडून काढू नका आणि त्यावर नवी टेप तर चढवूच नका. वस्तू उजेडात न्या, तिरकी धरा आणि दोन्ही बाजू बघा. एक वस्तूची पाठ, दुसरी ती जिथे लावली होती ती जागा. गोंद कुठे राहिला, त्याच्यावर काय चिकटून आलं, एवढंच बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे, पण नव्वद टक्के लोक ते न करता थेट लोहार चाळीच्या बाजारात जाऊन महागडी टेप घेऊन येतात. (नव्वद हा आकडा माझ्या वैतागाचा, मोजलेला नाही.)

टेपवर पांढरी भुकटी किंवा रंगाचा पोपडा आला असेल

मग टेपचा काही दोष नाही. तिने तिचं काम चोख केलं, भिंतीनेच हात सोडला. काकूंची पाटी पहिल्यांदा अशीच पडली. दाराशेजारच्या भिंतीवर लावली होती, भिंतीला डिस्टेंपर. टेपच्या अख्ख्या अंगावर पावडर फासल्यासारखा पांढरा थर, बोट लावलं तर बोटही पांढरं.

चुना आणि साधं डिस्टेंपर ही मुळात सैल भुकटी, कशीबशी धरून ठेवलेली. कोरड्या दिवसांत ती तग धरते. जुलैत मुंबईत महिनाभरात ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, भिंती आतून ओल धरतात आणि रंगाचा थर पुट्टीपासून सुटायला लागतो. अशा भिंतीवर तुम्ही जगातली सगळ्यात भारी टेप लावा, ती फक्त मोठा पोपडा घेऊन खाली येईल.

लावण्याआधी तपासायचं असेल तर काळं फडकं घेऊन भिंतीवर जोरात घासा. फडकं पांढरं झालं की विषय संपला. दुसरी तपासणी साध्या सेलोटेपची: वीतभर तुकडा भिंतीवर अंगठ्याने दाबा, झटक्यात ओढा आणि टेपवर काय आलं ते बघा. काही आलं नाही तरच डबल टेपचा विचार करा. आलं तर सरळ ड्रिल, प्लग आणि स्क्रू. रंग नुकताच दिला असेल तर घाई नको. मी प्लास्टिक पेंटवर निदान आठवडाभर आणि ऑइल पेंटवर महिनाभर हात लावत नाही. वरून सुकलेला दिसला तरी आत तो अजून पक्का होत असतो.

काकूंना म्हटलं, पाटी दारावरच घेऊ. दाराला सनमायका आहे, यापेक्षा चांगली जागा नाही. लावली. सोळाव्या दिवशी काकू हजर.

टेप पाटीलाच आहे, पण स्वच्छ आणि चकचकीत

तक्रारींतल्या अर्ध्याअधिक या खात्यात जातात, म्हणून इथे जरा थांबतो.

काकूंची दुसरी वेळ. पाठीवर टेपच्या दोन्ही पट्ट्या जागच्या जागी, आणि दाराकडची बाजू अशी गुळगुळीत, जशी काही कधी कुठे लागलीच नव्हती. खरं तर लागलीच नव्हती. "काकू, दार पुसलं होतं का?" "म्हणजे काय! तुम्ही येणार म्हणून आदल्या दिवशी स्प्रे मारून लख्ख केलं होतं." फर्निचर पॉलिशचा स्प्रे. त्यात सिलिकॉन किंवा मेण असतं, चमक त्याचीच. आणि टेप चिकटू नये म्हणून तिच्या मागे जो सुटा कागद असतो, त्याच्यावरही सिलिकॉनचाच थर दिलेला असतो. म्हणजे काकूंनी अख्ख्या दाराचा सुटा कागद करून ठेवला होता.

कोकणातल्यांना हे वेगळं समजावायला नको. फणस फोडायला बसलं की आई आधी हाताला आणि विळीला खोबरेल चोळते. चीक इतका चिवट की केसांत गेला तर केस कापावे लागतात, पण तेलाच्या हाताला तो धरत नाही. मध्ये तेलाचा थर आला की चीक हातापर्यंत पोचतच नाही. स्वयंपाकघरातल्या टाइल्सवर, गॅसच्या वरच्या भिंतीवर, चिमणीच्या आसपास असाच थर बसलेला असतो. तो दिसत नाही, पण टेपला कळतो.

आता टेप धरते कशी ते थोडक्यात, म्हणजे पुढचं सगळं आपोआप लक्षात येईल. डबल टेपचा गोंद फेव्हिकॉलसारखा सुकून कडक होत नाही. तो कायम ओलसर-मऊ राहतो. दाबला की अतिशय दाट काकवीसारखा सरकतो आणि पृष्ठभागाच्या बारीक खाचांत उतरतो. ओढला की रबरासारखा ताणून विरोध करतो. दोन्ही गुण एकाच पदार्थात हवेत. नुसतं रबर चिकटत नाही, रबरबँड भिंतीला लावून बघा. त्याच रबरात राळ मिसळून ते पुरेसं मऊ केलं की चिकटपट्टीचा गोंद होतो. किती मऊ, याचं मापही आहे. थ्रीएम कंपनीतल्या कार्ल डाल्क्विस्ट यांनी १९६०च्या दशकात ते मांडलं: गोंदाचा कडकपणा साधारण ३ लाख पास्कलच्या खाली असेल तरच तो हलक्या दाबाने चिकटतो, त्याच्या वर गेला की नाही.

आणि चिकटतो म्हणजे काय, तर गोंदाचे आणि भिंतीचे रेणू एकमेकांना ओढतात. ही ओढ अगदी क्षीण असते आणि काही नॅनोमीटरच्या आतच चालते. एक नॅनोमीटर म्हणजे केसाच्या जाडीचा जवळपास ८० हजारावा भाग. इतक्या जवळ गोंद पोचला नाही, तर दिसायला टेप लागलेली असते आणि प्रत्यक्षात अधांतरी असते. धूळ, तेल, पाणी, साबणाचा साका, या सगळ्यांचा गुन्हा एकच: ते हे अंतर वाढवतात.

मग चकचकीत पाठीमागची नेहमीची कारणं कोणती? पहिलं मळ, ते झालं. उपाय: आधी साबणाच्या पाण्याने पुसा, साबण पूर्ण धुऊन काढा, कोरडं करा, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन स्वच्छ सुती फडक्याने एकाच दिशेने पुसा. गोल गोल पुसलं तर मळ फक्त फिरतो. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. बऱ्याच रिमूव्हरमध्ये तेलकट घटक असतात आणि अ‍ॅसिटोन रंग खातो. एक गोष्ट आमच्या धंद्यातली: लेझरने कापलेल्या अ‍ॅक्रेलिकच्या कडांना आयपीए लागू देऊ नका, कडेला केसासारखे बारीक तडे जातात. पाटीची पाठ सौम्य साबणाच्या पाण्याने पुसलेली पुरते.

दुसरं कारण खडबडीत भिंत. रोलरचे दाणे उमटलेला रंग, टेक्स्चर पेंट. पातळ टेप त्या दाण्यांच्या फक्त टोकांना लागते, मधल्या दऱ्या रिकाम्या. गंमत अशी की हेच मुद्दाम करून एका कंपनीने अमाप पैसा कमावला. १९६८ साली थ्रीएमच्याच स्पेन्सर सिल्व्हर यांच्या हाती असा गोंद आला, जो सलग थर न होता सूक्ष्म गोळ्यांच्या रूपात राहायचा. गोळ्या कागदाला टोकाटोकानेच लागतात, म्हणून चिठ्ठी चिकटते आणि न फाटता निघते. तीच पोस्ट-इट. तुमची टेक्स्चरची भिंत साध्या टेपचं पोस्ट-इट करते. अशा ठिकाणी किमान एक मिलिमीटर जाडीची मऊ फोम टेप हवी, म्हणजे ती दऱ्यांत उतरते. तीही फार खोल टेक्स्चरवर हरते.

तिसरं कारण दाब न देणं, आणि इथे लोक उलटंच करतात. पाटी पडली की पुढच्या वेळी मागे जास्त टेप, मग अजून जास्त, शेवटी अख्खी पाठ भरून. हिशेब करून बघा. माझी नेहमीची पाटी ३० बाय १५ सेंटिमीटर, पाच मिलिमीटर जाड. वजन सुमारे २७० ग्रॅम. चांगल्या अ‍ॅक्रेलिक फोम टेपला कायमच्या वजनासाठी किलोमागे ५५ चौरस सेंटिमीटर टेप धरतात. म्हणजे या पाटीला १५ चौरस सेंटिमीटर लागते: १२ मिलिमीटर रुंदीची टेप, जेमतेम साडेबारा सेंटिमीटर! मी दोन उभ्या पट्ट्या लावतो, तेच दुपटीच्या आसपास होतं.

आता दाब. टेप नीट बसायला दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा जोर द्यावा लागतो. तीस चौरस सेंटिमीटरच्या पट्ट्यांना तीस किलो, तळहात टेकवून अंगाचा भार दिला की जमतं. अख्खी पाठ भरली तर ४५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ४५० किलो. तो जोर कोण देणार? मग सगळीकडे अर्धवट लागते आणि मध्ये हवा अडकते ती वेगळीच. थोडी टेप आणि भरपूर दाब, उलटं नको. पट्ट्या उभ्या लावल्या तर मागे शिरलेलं पाणीही खाली निथळतं.

चौथं कारण धीर नसणं. गोंद सरकत सरकत खाचांत उतरतो, त्याला वेळ लागतो. अशा टेपची ताकद लावल्यावर २० मिनिटांत साधारण निम्मी, २४ तासांत ९० टक्के आणि पूर्ण यायला ७२ तास. गणपतीच्या आदल्या रात्री दोन वाजता मखर चिकटवायचं आणि पाच मिनिटांत त्यावर दिव्यांची माळ सोडायची, मग सकाळी आरतीला कमान खाली, हे दरवर्षीचं आहे. तीन दिवस आधी पट्ट्या मारून ठेवा. पाटी दारावर लावली की मीही पहिला दिवस खालून मास्किंग टेपचा आधार देतो. बायाबापड्या विचारतात हे काय भिकारी दिसतंय. दिसू दे.

पाचवं मुंबईचं खास, घामेजलेली काच. पावसाळ्यात इथल्या हवेत इतकी वाफ असते की २५ अंशांच्या आसपासच दव धरतं. ऑफिसचा एसी २२ वर असला की काचेच्या दाराला बाहेरून घाम फुटतो. त्या काचेवर कपड्याने पुसून टेप लावली तरी लावेपर्यंत पुन्हा दव. काच स्वच्छ असेल तर गोंदाला आवडते, पण पाण्याला ती त्याहून जास्त आवडते, आणि कडेने शिरलेलं पाणी गोंदाला हळूहळू बाजूला सारतं. काचेचं काम असलं की मी सकाळी एसी लावायच्या आधी जातो, किंवा काचेच्या आतल्या बाजूने लावतो.

टेप भिंतीवरच राहिली, वस्तू तेवढी पडली

म्हणजे दोष वस्तूच्या पाठीत. बहुतेक वेळा प्लास्टिक. आमच्या छपाईवाल्यांच्या भाषेत प्रत्येक पृष्ठभागाचे 'डाइन' असतात, म्हणजे तो दुसऱ्या पदार्थाला किती जवळ येऊ देतो याचा आकडा. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिइथिलीन तीस-एकतीसच्या घरात, टेफ्लॉन अठराच्या आसपास, पीव्हीसी एकोणचाळीस. धातू आणि काच शेकड्यांत. गोंद ज्याच्यावर पसरायचा, त्याचे डाइन गोंदापेक्षा जास्त हवेत. डब्याच्या किंवा रॅकच्या तळाशी त्रिकोणात ५ आणि खाली पीपी असं उमटवलेलं असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, साधी टेप त्याला धरणार नाही. पाण्याचा थेंब टाकून बघा: टपोरा गोल राहिला तर अवघड, पसरला तर ठीक. उपाय दोनच. अशा प्लास्टिकसाठीची वेगळी टेप आणि प्रायमर, नाहीतर दुसऱ्या प्लास्टिकचा रॅक. मी दुसरा रॅक सांगतो, स्वस्त पडतो.

या खात्यातली माझी स्वतःची नामुष्की सांगूनच टाकतो. एका दवाखान्याची पाटी आठवडाभरात पडली. टेप दारावर ठाम, पाटीची पाठ कोरी. मी टेपवाल्याला फोन करून वाट्टेल ते बोललो. मग दारावरची टेप काढायला नख घातलं तर तिच्यावर एक पातळ, पारदर्शक पापुद्रा. अ‍ॅक्रेलिकच्या शीटला दोन्ही बाजूंनी संरक्षक फिल्म येते. पुढची काढली होती, मागची तशीच ठेवून तिच्यावरच टेप मारली होती. टेपवाल्याला परत फोन केला नाही, लाज वाटली. तेव्हापासून टेप लावण्याआधी पाठीच्या कोपऱ्यात नख घालून बघायची सवय लागली. नव्या फ्रिज-मिक्सरच्या चमकदार पट्ट्यांवर, स्विचबोर्डांवर अशीच फिल्म असते, लोक वर्षानुवर्षं काढत नाहीत.

जुनी टेप काढताना

नख, सुरी, पत्रा काही नको. हेअर ड्रायरने फोम कोमट करा, मग मासेमारीचा नायलॉन दोरा मागे घालून करवतीसारखा पुढे-मागे ओढा. उरलेला गोंद अंगठ्याने घासला की गोळ्या होऊन निघतो. अगदीच हटला नाही तर खोबरेल लावून दहा मिनिटं ठेवा, रबराचा गोंद फुगून सुटतो. पण नंतर ते तेल साबणाने आणि मग आयपीएने पूर्ण काढा, नाहीतर पुढची टेप फणसाच्या चिकासारखी हात हलवत परत येईल.

गोंद दोन्हीकडे, फोम मधूनच फाटलेला

हे दिसलं तर टेप दोन्ही बाजूंना उत्तम बसली होती. ताण तिच्या ताकदीबाहेर गेला, किंवा ती आतून नासली. पश्चिमेच्या खिडकीत, दुपारभर उन्हात तापणाऱ्या जागी रबराच्या गोंदाची स्वस्त टेप पिवळी पडून काकवीसारखी गळते आणि वस्तू दिवसाला थोडी थोडी खाली सरकते. तिथे अ‍ॅक्रेलिक गोंदाचीच टेप घ्या, ऊन ती बरंच जास्त सोसते. वायरवरची पीव्हीसी टेप चिकचिकीत होते त्याचं कारण आणखी वेगळं: प्लास्टिक मऊ ठेवणारं तेल हळूहळू गोंदात उतरतं.

ताणाचं मात्र समजून घ्या. पाटी सरळ खाली ओढली तर वजन टेपच्या पूर्ण क्षेत्रावर वाटलं जातं. पण वरची कड भिंतीपासून पुढे ओढली तर सगळा जोर त्या कडेच्या एका रेघेवर येतो. सेलोटेप आपण टोक उचलून सोलतो ती याचसाठी. भिंतीपासून पुढे आलेल्या हुकाला ओली छत्री किंवा दप्तर अडकवलं की तो वरून असाच सोलला जातो, डब्यावर एक किलो लिहिलेलं असलं तरी.

श्रावणात काकू तिसऱ्यांदा आल्या. आता मात्र पाठ वेगळी होती. वरच्या कडेला फोम चिरलेला, अर्धा पाटीला, अर्धा दारावर असणार. खाली येता येता नुसता सोललेला. आणि वरच्या कडेच्या फटीत एक लाल धागा अडकलेला. धागा ओढून काढला तर टोकाला आंब्याच्या पानाचा सुकलेला देठ.

"काकू, तोरण पाटीला बांधलं होतं?"

"बांधलं नाही हो, मागच्या फटीत धागा सरकवला. किती छान बसला होता!"

फोम एक मिलिमीटर जाड, तेवढी फट पाटीमागे राहतेच. त्या फटीत धाग्याची गाठ पाचरीसारखी बसलेली, खाली झेंडूचं ओलं तोरण, आणि दार दिवसातून पन्नास वेळा आपटतं. मी दोन्ही बाजू खरवडल्या, पुसल्या, नव्या पट्ट्या मारल्या, तळहाताने दाबून पन्नास आकडे मोजले आणि खालून मास्किंग टेप लावली.

"मग तोरण कुठे लावायचं? चौकटीचे खिळे रंगाऱ्याने काढून टाकलेत."

पिशवीत हातोडी होतीच. चौकटीला दोन खिळे मारून दिले.